पापड खाऊन उठायचं असतं

पापड खाऊन झाला, पाणी पिऊन झालं, की उठायचं असतं, एवढी साधी गोष्ट मला कुणी वेळेवर सांगितली असती तर आज मी कुठे असते कोण जाणे. बहुतेक मुरबाडकडच्या एखाद्या घरात भाकऱ्या थापत असते आणि माझी धाकटी बहीण नंदा शेजारच्या गावात. भाकऱ्या थापण्यात वाईट काही नाही, मी अजूनही थापते. पण दोघींचं जे काही बरं झालं ते त्या एका पापडामुळे झालं. आणि पापड दिला होता लाजवंतीदादींनी. त्यामुळे दादींची आठवण काढायला बसलं की आधी तो पापडच समोर येतो.

दादी म्हणजे माझ्या आजी नव्हेत. सिंधी लोक वयाने मोठ्या बाईला मानाने दादी म्हणतात. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात त्यांचं दुकान होतं, खाली दुकान आणि वर घर. नाव लाजवंती. ज्या कुणी हे नाव ठेवलं त्याने त्यांचा आवाज ऐकला नसणार. दादी दुकानात बोलायला लागल्या की पलीकडच्या कारखान्यातले सुतार रंधा थांबवून ऐकत. अंगावर पांढरी सलवार-कमीज, दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा, तोंडात बडीशेप आणि बसायची जागा म्हणजे प्लॅस्टिक न काढलेला सोफा. त्या सोफ्यावर त्या मांडी घालून बसायच्या आणि उठताना प्लॅस्टिकचा असा आवाज व्हायचा की नवं गिऱ्हाईक दचकायचंच.

मी तेव्हा नुकतीच एम.ए. झाले होते. तत्त्वज्ञान घेऊन. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं असतील. आमच्या बदलापूर गावात तत्त्वज्ञान म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारायचे. एक, म्हणजे आता कीर्तन करणार का? आणि दुसरा, बँकेत घेतात का? मी दोन्हीला नाही म्हणायचे, मग तिसरा प्रश्न तोंडाने कुणी विचारत नसे, पण चेहऱ्यावर दिसायचा. मग शिकलीस कशाला?

आबा, म्हणजे माझे वडील, अंबरनाथच्या एका कारखान्यात पाळीला जायचे आणि उरलेल्या वेळात आमचं भाताचं शेत बघायचे. मी पहिल्या वर्गात पास झाले तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. पेढे खाणाऱ्यांनीच पुढे वर्षभर विचारून विचारून त्यांना हैराण केलं. कॉलेजांमध्ये चकरा मारल्या, तर तत्त्वज्ञानाला सगळीकडे एकच सर, आणि ते रिटायर व्हायचं नाव घेत नव्हते. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत मुलाखतीला गेले. साहेबांनी टायपिंग विचारलं, शॉर्टहँड विचारलं, मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "बरं, आत्म्याबद्दल काहीतरी सांगा." शेजारचा क्लार्क फिस्सकन हसला. मी त्या दिवशी स्टेशनपर्यंत चालत आले आणि वाटेत ठरवलं की विषयाचं नाव पुन्हा घ्यायचं नाही.

पण खरा घोर नोकरीचा नव्हता. नंदाचा होता. नंदा बारावीला होती, हुशार, तोंडाने फटकळ. आबांनी एका संध्याकाळी ओटीवर बसून आईला सांगितलं, मी आत तांदूळ निवडतेय हे माहीत असूनही सांगितलं. "थोरली सतराव्या बुकापर्यंत शिकली न घरातच बसलीय. आता धाकटीला कशाला? बारावी पुरे. मुरबाडचं स्थळ चांगलं हाय, जमीन हाय." आई गप्प राहिली. आमच्या घरात आईचं गप्प राहणं म्हणजे तिला पटलेलं नाही, पण बोलायची सोय नाही.

रात्री अंथरुणावर नंदा मला म्हणाली, "ताई, तुला नोकरी लागली ना, तर आबा मला नाही म्हणू शकणार नाहीत." रागाने म्हणाली असती तर मी भांडले असते. ती अगदी साधं बोलली, उद्या शाळेला सुट्टी आहे असं सांगावं तसं. मला तेच लागलं. माझी पदवी माझ्यापुरती वाया गेली असती तर मी एक वेळ सोसलं असतं. तिच्यासकट वाया जाणार हे सहन होईना.

अशात आमच्या गल्लीतल्या शेवंताकाकूंच्या यजमानांनी निरोप आणला. ते टेम्पो चालवायचे, उल्हासनगरहून फर्निचर पोचवायचे. म्हणाले, "एक सिंधी बाई हाय, हिशेबाला पोरगी पायजे तिला. जाऊन ये." मला हिशेबातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी गेले. विठ्ठलवाडीला उतरून, विचारत विचारत, उन्हात घामाघूम होऊन दुकानात पोचले तेव्हा बारा वाजायला आले होते.

"हिशेब येतो?" दादींनी विचारलं.

"नाही."

"टाईप?"

"नाही."

"सिंधी येते?"

"नाही."

"अरे बाबा, मग येतं काय?"

"एम.ए. आहे," मी म्हटलं. आणि इतकं बोलल्यावर लपवण्यात अर्थ नव्हता म्हणून सांगून टाकलं, "फिलॉसॉफी."

"फिलासफीमध्ये काय शिकवतात?"

हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला होता की मोठमोठी उत्तरं देऊन कंटाळले होते. "प्रश्न कसे विचारायचे ते शिकवतात," मी म्हटलं.

"आणि जवाब?"

"जवाब ठरलेले नसतात."

दादींनी चष्मा लावून मला एकदा नीट बघितलं. मग वरच्या जिन्याकडे तोंड करून ओरडल्या, "कविता! पापड!" आणि मला म्हणाल्या, "बस. ऊन आहे."

कविता म्हणजे त्यांची सून. तिने एका ताटलीत भाजलेला पापड आणि तांब्याभर गार पाणी आणून ठेवलं. आता इथे जरा समजून घ्या. आमच्याकडे पापड कधी? तर पानात, वरणभाताबरोबर. नुसता पापड कुणी कुणाला देत नाही. म्हणजे पापड आला याचा अर्थ पाठोपाठ जेवण येतंय. भर दुपारी आलेल्या पोरीला ही बाई जेवू घालतेय, केवढं हे मन! मला भरूनच आलं. शिवाय पान वाढायला घेतल्यावर उठून जाऊ नये, अन्नाचा अपमान होतो, हे आईने लहानपणापासून घोकून घेतलेलं. मी पापड हळूहळू, पुरवून पुरवून खाल्ला, पाणी प्यायले आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

तिकडे दादींच्या हिशेबी मी पाहुणी. सिंध्यांकडे आल्यागेल्याला पापड-पाणी देतात, आपल्याकडे चहा देतात तसं. पापड संपला, पाणी झालं, की माणूस "बरंय, येते" म्हणतो. दादी वाट बघत होत्या मी कधी उठते याची. मी वाट बघत होते भात कधी येतो याची. दोघी एकमेकींकडे बघून हसत होतो. ना त्या मला जा म्हणत, ना मी त्यांना वाढा म्हणत.

एवढ्यात पालेगावहून एक मोठं कुटुंब लग्नाचं सामान घ्यायला आलं. नवरीचे वडील, आई, आत्या, एक काका आणि नवरी. काका पुढारी. त्यांनी आल्या आल्या दुकानातला सगळ्यात मोठा पलंग धरला. डोक्याशी आरसे, आरशांच्या दोन्ही बाजूंना कोरलेले मोर, खाली सामान ठेवायचे खण. दादींचा मुलगा किशोर आणि काका यांची भावावरून जुंपली. आत्याला मोर पसंत, वडिलांना काकांना पसंत तेच पसंत. नवरी माझ्या शेजारी येऊन बसली.

भूक लागलेली, करायला काही नाही, म्हणून मी तिला विचारलं, "तिकडे तुझी खोली केवढी आहे गं?"

"चाळीत दोन खोल्या आहेत," ती हळूच म्हणाली. "हा पलंग टाकला तर मधलं दार उघडणार नाही."

"मग सांग की त्यांना!"

"मला कुणी विचारलंच नाही."

मला राहवेना. मी उठून म्हटलं, "काका, तिकडचं मधलं दार आत उघडतं का बाहेर?"

"कसलं दार?" काका म्हणाले.

आणि मग जे सुरू झालं! आई म्हणाली आत, आत्या म्हणाली दाराला पडदाच आहे, वडिलांनी टाचेला टाच लावून फरशीवर खोली मापली. शेवटी सगळ्यांनी नवरीकडे बघितलं, तेव्हा ती बोलली. मोरांचा पलंग राहिला आणि दिवसा सोफा, रात्री बिछाना असा साधा सोफा-कम-बेड टेम्पोत चढला. किशोर लालबुंद. "मम्मी, ये है कौन? मोठं गिऱ्हाईक घालवलं हिने!"

"चरिया!" दादी म्हणाल्या. चरिया म्हणजे वेडा. दादींच्या तोंडी तो अर्धविरामासारखा यायचा. "तो पलंग आठ दिवसांत परत आला असता. आरसा फुटून. मग कोण घेणार, तू झोपणार त्यावर?" मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू? तू अजून बसलेली कशी?"

मी खरं ते सांगितलं. "जेवण यायचंय ना."

मग दादींना कळलं, आणि त्या अशा हसल्या, अशा हसल्या, की सोफ्याचं प्लॅस्टिक हसतंय असं वाटलं. डोळे पुसत जिन्याकडे बघून ओरडल्या, "कविता! एक थाळी जास्त! ही पोरगी पापडावर जेवायला बसलीये!" वरून साई भाजी, म्हणजे त्यांची डाळ घातलेली पालकाची भाजी, आणि भात आला. मी मान खाली घालून जेवले. हात धुऊन आले तेव्हा दादी म्हणाल्या, "उद्यापासून ये. हिशेब किशोर करेल. तू विचार."

त्या दिवसापासून मी त्यांची एमे झाले. माझं नाव सुलभा हे त्यांना माहीत होतं की नाही देव जाणे. "ए एमे, इकडे ये!" "एमे जेवली का?" ज्या दोन अक्षरांनी मला गावात तोंड लपवायला लावलं होतं, तीच त्या बाजारभर ओरडायच्या. गिऱ्हाईक आलं की ओळख करून द्यायच्या, "ही आमची एमे. फिलासफीवाली. पहिले तिला जवाब द्या, मग मी भाव सांगते." लोक डॉक्टरकडे आल्यासारखे सावरून बसत.

भाव शेवटी, ही दादींची रीत होती. आधी विचारायचं. कोण झोपणार? जिना वळणाचा आहे का? घरात म्हातारं माणूस आहे का, त्याला उठता येईल एवढी उंची आहे का? आणि ज्याच्यासाठी घेताय तो आलाय का? नसेल तर त्याला घेऊन या, आम्ही कुठे पळून जात नाही. शेजारचे दुकानदार हसायचे. नवीन सोफा कारखान्यातून आला की दादी स्वतः त्यावर धपकन बसायच्या, सगळं वजन टाकून, आणि सुतार श्वास रोखून उभे राहायचे. कुरकुरला की परत. एकदा एका सुताराने धीर करून म्हटलं, "दादी, एवढ्या जोरात कोण बसतं?" दादी म्हणाल्या, "ज्याची पोरगी सासरी गेली तो बाप असाच बसतो. जा, ठोकून आण."

एवढ्या पलंगांची मालकीण स्वतः मात्र वर साध्या खाटेवर झोपायची. एकदा मी कारण विचारलं. दादी बडीशेप चघळत मजेत सांगायला लागल्या. त्या लहान असताना, फाळणीत, सिंधहून इथे छावणीत आल्या. बराकीत एकेका कुटुंबाच्या मध्ये गोणपाटाचा पडदा. लग्न झालं ते पलीकडच्याच बराकीत. "माझ्या मामाने पलंग दिला. एवढा मोठा! बराकीत मावेना. बाहेर ठेवला. पावसाळा आला, कुजला. लोक येऊन बघायचे, हसायचे. मी एक दिवस नाही झोपले त्याच्यावर." आणि मग हात झटकून, "मला विचारलं असतं ना एमे, मी शिलाई मशीन मागितली असती." हे सांगतानाही हसतच होत्या. मी मात्र हसू शकले नाही.

विकायचं नाही म्हणून त्यांनी गिऱ्हाईक परत पाठवल्याचंही मी बघितलंय. अंबरनाथचे एक रिटायर गृहस्थ आले होते, पायघोळ पायजमा, हातात पिशवी. मोठा पलंग देऊन एकट्याचा घ्यायचा म्हणाले. मी नेहमीसारखं विचारलं, कोणासाठी? म्हणाले, "माझ्यासाठी. आमची ही गेली मागच्या पंधरवड्यात." दादी सोफ्यावरून उतरून त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. "भाऊ, आता नाही देत. दिवाळीनंतर या. तेव्हा पण वाटलं तर देईन." किशोर कपाळाला हात लावून आत निघून गेला. ते गृहस्थ दिवाळीनंतर खरंच आले. पलंग नको म्हणाले. खिडकीजवळ बसायला एक खुर्ची हवी होती.

पण मी गोष्टीत फार पुढे गेले. तो पहिला लग्नसराईचा हंगाम मी आनंदात होते, आणि घरी मात्र काहीच हललं नव्हतं. पहिल्या दिवशी धावत येऊन सांगितलं, "आबा, नोकरी लागली!" आबांनी दुकानाचं ऐकलं आणि ताट बाजूला सारलं. "एम.ए. होऊन पलंग विकणार? ही काय नोकरी हाय? हे तर बिनशिकलेली पण करील." नंदा माझ्याकडे बघत होती. मी तिची नजर चुकवली. बारावीचा निकाल लागला, तिला चांगले मार्क पडले, आणि आबांनी मुरबाडच्या लोकांना रविवारी बोलावलं.

शनिवारी दुकानात मी गिऱ्हाइकाला एकही प्रश्न विचारला नाही. दादींच्या लक्षात आलं. "एमे, आज मुकी झाली काय?" मग माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं, नंदा, मुरबाड, आबा, आणि पलंग विकणं ही नोकरी नव्हे हेसुद्धा. दादींनी फक्त विचारलं, "घर कुठे, गावात? टेम्पोवाल्याला माहीत आहे ना?"

रविवारी सकाळी आमच्या गल्लीत टेम्पो शिरला आणि ड्रायव्हरशेजारून दादी उतरल्या. पांढरी ओढणी डोक्यावर, हातात मिठाईचा पुडा. अर्धी गल्ली ओट्यांवर आली. आई गडबडली, आबा सदरा घालायला आत धावले. आईने चहा ठेवला तर दादी म्हणाल्या, "बहन, चहा नको. पापड आहे?"

आईने पोह्यांचा पापड चुलीवर भाजून दिला. दादींनी तो सावकाश खाल्ला, पाणी प्याल्या, आणि बसून राहिल्या. माझ्याकडे बघून एक डोळा बारीक केला.

आबा खाकरले. "बाई, काय काम काढलंत?"

"काम काही नाही. जेवण येईपर्यंत बसते. तुमच्या पोरीकडून शिकले."

आबांना काही कळेना. दादी पुढे म्हणाल्या, "भाऊ, मी अडाणी बाई, पलंग विकते. मला एवढंच समजतं. कोणासाठी घ्यायचं, त्याला आधी विचारायचं. तुम्ही नंदाचं लग्न ठरवता. तिला विचारलं?"

"तिला काय विचारायचं? बारावीची पोर ती."

"मला पण नाही विचारलं. मी तिच्याहून लहान होते." दादींचा आवाज पहिल्यांदाच खाली आलेला मी ऐकला. मग पुन्हा वर गेला. "ए नंदा! बाहेर ये. काय पाहिजे तुला?"

नंदा स्वयंपाकघराच्या दारात आली. एरवी चुरूचुरू बोलणारी पोर, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी. "वकील व्हायचंय."

"वकील?" आबा चाटच पडले. "हे मला कधी बोलली नाय ती."

"तुम्ही कधी विचारलंच नाही, आबा."

बाहेर टेम्पोभोवती पोरं भोंगा वाजवून बघत होती. आबांनी शेवटचा धागा धरला. "थोरलीला शिकवलं तर ती पलंग विकते. हिला शिकवून..."

"पलंग मी विकते!" दादी एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की भोंगा थांबला. "ती विकत नाही. ती विचारते. माझ्याकडे तिच्या आधी किती आले, सगळे विकणारे. माझा माल परत यायचा, लोकांच्या घरी भांडणं व्हायची. आता येत नाही. चार घरांत विचारा, लाजवंतीच्या दुकानात कोण आहे. लोक सांगतील, एमे आहे. तुम्ही शिकवली म्हणून माझ्याकडे आली ना? मी तुमचे आभार मानायला आले, आणि तुम्ही तोंड पाडून बसलात!"

आबा खरंच तोंड पाडून बसले होते. मग त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं, नंदाकडे बघितलं आणि आईला म्हणाले, "बाईंना जेवायला वाढ."

आमच्या आबांचा होकार असाच असायचा. आई पदराने डोळे पुसत चुलीकडे वळली. दादी भाकरी आणि सुकटीची चटणी जेवल्या, दोनदा मागून घेतली. दुपारी मुरबाडचे पाहुणे आले तेव्हा आबांनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, पोरगी अजून शिकतेय, माफ करा. नंदा मागच्या दारी जाऊन रडली. मीही रडले. त्या बाईला काय पडलं होतं, सांगा! रविवारी बाजार भरलेला, लग्नसराईचे दिवस, आणि ती दुकान मुलावर टाकून एका नोकर पोरीच्या बहिणीसाठी बदलापूर गावात येऊन पापड मागून बसली.

मी त्या दुकानात काही वर्षं काढली. मग जवळच्या एका ज्युनियर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायला माणूस हवा असल्याचं कळलं. मुलाखतीत विचारलं, एवढी वर्षं काय करत होता? मी म्हटलं, फर्निचरच्या दुकानात होते. टेबलापलीकडे दोघे हसले. पूर्वीची मी असते तर लाजून चूर झाले असते. पण दादींकडे राहून सवयच लागली होती, मी विचारलं, "तुमच्याकडे तर्कशास्त्र घेणारी मुलं ते का घेतात?" ते एकमेकांकडे बघायला लागले. प्राचार्य म्हणाले, "आम्ही कधी विचारलं नाही." तुम्हीच या आणि विचारा, असं म्हणून त्यांनी मला घेतलं.

दादींना सांगितलं तर त्या भयंकर चिडल्या. "जा! मला काय! दुसरी येईल!" दिवसभर बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी माझा हात धरून मला सगळा फर्निचर बाजार फिरवला, एकेका दुकानात उभं करून, "ही आमची एमे. प्रोफेसर झाली. माझ्या दुकानातून झाली." मी ज्युनियर कॉलेजातली साधी शिक्षिका, पण दादींना ते सांगण्यात अर्थ नव्हता.

शेवटची भेटले ती नंदाबरोबर. नंदाने सनद घेतली, कल्याणला कोर्टात जायला लागली, आणि तिला स्वतःच्या ऑफिसला टेबल हवं होतं. आबा तेव्हा थकले होते, पण निघताना ओट्यावरून ओरडून सांगितलं, "दादींकडनंच घ्या. आणि नंदीला इचारा, तिला कुठलं पायजे ते!" दुकान ओळखू येत नव्हतं. किशोरने काचा लावल्या होत्या, रंगीत कॅटलॉग ठेवले होते. आता तिथे कुणी काही विचारत नव्हतं, बोट ठेवायचं आणि घ्यायचं. दादी दाराजवळ खुर्चीत बसलेल्या. अंग आटलं होतं, डोळ्यांत मोतीबिंदू. मी पायाला हात लावला तर चेहऱ्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "एमे." बस, एवढंच.

नंदाने एक भलंमोठं काचेचं टेबल पसंत केलं. दादींनी दारातूनच विचारलं, "कोण बसणार त्याच्यावर?"

"मी," नंदा म्हणाली.

"समोर कोण बसणार?"

"माझ्याकडे येणारे. अशील. बायकाच जास्त येतात."

"रडतात?"

"रडतात, दादी."

"मग छोटं घे. हात पोचला पाहिजे."

नंदाने छोटं लाकडी टेबल घेतलं. आजही तेच आहे. त्यानंतर पावसाळा संपता संपता दादी गेल्या, मला उशिरा कळलं. म्हणून तो दिवस मी पुन्हा पुन्हा आठवून घेते.

टेबल टेम्पोत चढलं तोवर कविता पापड आणि पाणी घेऊन आली. तिचेही केस पांढरे झाले होते. आम्ही दोघींनी पापड खाल्ला, पाणी प्यायलो. नंदाचे अशील निम्मे सिंधी, तिला सगळी रीत ठाऊक, ती पर्स सावरून उठायला लागली. मी तिचा पदर धरून तिला खाली बसवलं. दादींना नीट दिसत नव्हतं, पण त्या कान देऊन ऐकत होत्या. थोडा वेळ गेला. मग त्यांनी जिन्याकडे तोंड केलं, आणि आवाज अगदी पहिल्यासारखा लागला.

"कविता! दोन थाळ्या जास्त. एमे बसलीये."